सोमवारची रायफल

गेल्या खंडेनवमीला माझ्या सासूबाईंच्या तीन गोळ्या हुकल्या आणि आमच्या घरात डोळ्यांवरून वाद सुरू झाला.

आमचं गाव कोहिनूर, तालुका बसवकल्याण. सासूबाईंचं नाव राजूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी साठी ओलांडलीय, पण अजून डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन बांध चढतात. आमच्याकडे तीनशे पंधरा बोअरची एक रायफल आहे. आजेसासऱ्यांनी ती शिकारीसाठी घेतली होती. पुढे शिकार बंद झाली, रायफल पीक राखायला उरली, आणि बारा वर्षांपूर्वी माझे सासरे अंकुशराव वारले तेव्हा परवाना आत्याबाईंच्या नावावर झाला. गावाला वाटलं, बाईच्या नावावर नुसता कागद राहील. पण आत्याबाईंना नेम धरायला सासऱ्यांनीच शिकवलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते म्हणायचे, जिला भाकरी न मोडता तव्यावर टाकता येते तिचा हात नेमालाही थिर राहतो.

खंडेनवमीला आम्ही विळे, कुऱ्हाडी, औताचा फाळ यांच्याबरोबर रायफलीचीही पूजा करतो. मग विहिरीतून काढलेल्या मातीचा जो मोठा ढिगारा आमच्या शेतात आहे, त्याच्या पोटाशी एक नारळ ठेवतात आणि आत्याबाई लांबून एकच गोळी झाडतात. फुटलेल्या नारळाचा प्रसाद. मी या घरात आले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत त्यांना दुसरी गोळी झाडावी लागलेली मी पाहिली नव्हती.

त्या दिवशी पहिली गोळी नारळाच्या डावीकडे हातभर अंतरावर मातीत घुसली. दुसरी वीतभर वर. तिसरी पार खाली, ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. चौथी झाडायला आत्याबाईंनी हात लावला नाही. आमचे शेजारी हावगेप्पा, त्यांच्याकडेही तसलीच रायफल आहे, ते चालत ढिगाऱ्यापाशी गेले, नारळ उचलला, धोतराला पुसला आणि आत्याबाईंच्या हातात आणून दिला.

"घ्या अक्का," ते म्हणाले. "चटनीला हुईल."

बघायला आलेले लोक हसले. आत्याबाईसुद्धा हसल्या, पण नुसत्या तोंडदेखल्या.

माझे मालक, ज्यांना आळंदच्या अख्ख्या तुरीच्या बाजारात बंटीशेठ म्हणतात, त्यांनी जेवताना विषय काढला. "माय, डोळं दाखवून येऊ परत. आन् तोवर रायफल ठाण्यात जमा करू. डिसेंबरात बीदरला चांदमारीच्या मैदानावर नेमबाजीचं शिबिर हाय परवानेवाल्यांचं. तितं सगळ्या जिल्ह्यासमोर असंच झालं तर?"

"डोळं माजं हायत," आत्याबाई म्हणाल्या. "मला दिसायलंय."

त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी उदगीरला झालं होतं, चांगलं झालं होतं. त्या उठल्या, माझ्या शिवणाच्या डब्यातून सगळ्यात बारीक सुई काढली, दोरा ओला केला आणि बल्बकडे तोंडही न करता एका दमात ओवला. सुई बंटींच्या ताटाशेजारी ठेवली.

"सुई जवळ असती, माय," बंटी म्हणाले. "नारळ लांब."

आत्याबाई परत ताटावर बसल्या, पण त्या दिवसापासून त्या बंटींशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "त्याला सांग, पाणी तापलंय." बंटी तिथंच उभे असायचे.

मी अंगणवाडीत काम करते आणि फावल्या वेळात ब्लाउज शिवते. दिवाळीच्या तोंडावर माझं मशीन टाके सोडायला लागलं. मंठाळला माणिकराव म्हणून एक रिटायर फौजी मशीन दुरुस्त करतात असं ऐकून मी ते घेऊन गेले. सत्तरीकडे झुकलेले, ताठ, पांढऱ्या मिश्या नीट कातरलेल्या. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळीवर स्क्रूड्रायव्हर, पाने, ब्रश उंचीप्रमाणे लावलेले. त्यांनी मशीनचं चाक दोनदा फिरवलं, कान लावला आणि म्हणाले, "सुई चांगली हाय. खालच्या दातऱ्यात कापडाचा भुसा जमून कडक झालाय. लोक सुई बदलत बसत्यात."

मी सहज विचारलं, फौजेत काय होता काका. ते म्हणाले, आर्मरर. चोवीस वर्षं रायफली, मशीनगनी दुरुस्त केल्या. मग मला राहवेना. नारळाची सगळी गोष्ट मी तिथंच सांगून टाकली.

त्यांनी डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "गोळ्या एकाच बाजूला गेल्या का चारी बाजूला?"

"एक डावीकडं, एक वर, एक खाली."

"डोळा बिगडला तर मानूस एकाच बाजूला चुकतंय बहुतेक," ते म्हणाले. "चारी बाजूला चुकायलंय म्हंजे नळीचं कायतरी हाय. घेऊन या सासूला. परवान्याचं बुकबी आणा. त्यांच्यासमोरच उघडीन, मागारी न्हाई."

दोन दिवसांनी आम्ही गेलो. मी स्कूटर चालवत होते, मागे आत्याबाई, मांडीवर वाकळेत गुंडाळलेली रायफल, तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारी खिट्टी, काढून वेगळ्या पिशवीत, गोळ्या घरी कुलुपात, परवान्याचं बुक ब्लाउजमध्ये. रस्त्यात दोन्ही अंगांनी तूर फुललेली होती. आत्याबाई मंठाळ येईपर्यंत एकच वाक्य बोलल्या, "फौजी म्हनला डोळंच बिगडलंत, तर घरी सांगू नको."

माणिकरावांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अंगणात चटई टाकली. माणिकरावांनी आधी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री केली, मग नळी मागच्या बाजूने आभाळाकडे धरून एक डोळा मिटला. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी ती आत्याबाईंकडे दिली.

"काय दिसायलंय, अक्का?"

आत्याबाईंनी बघितलं. "चकचकीत हाय की. मी दर सोमवारी पुसते."

"चकचकीत हाय," ते म्हणाले. "पण कसली चकाकी? चांदीवानी का तांब्यावानी?"

आत्याबाईंनी परत डोळा लावला. "तांब्यावानी," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळीवर तांब्याचं पातळ आवरण असतं. दर गोळीला त्याचा थोडा थर खाचांत चिकटतो. त्यावर दारूची काजळी बसते, काजळीवर परत तांबं, परत काजळी. तेलाच्या फडक्याने वरची काजळी निघते, तांबं तसंच राहतं आणि उलट घासून चमकायला लागतं. "तव्यावर करपट बसून बसून तवा गुळगुळीत हुतो ना, तसं. खाचा बुजल्या. गोळीला धरायला कायच न्हाई, मग ती जिकडं मन हुईल तिकडं जायली."

"मग निगत न्हाई का ते?"

"निगतंय. पर घाई करायची न्हाई. नळी मऊ पोलादाची असती, खरडायला गेलं की कायमची जाती."

त्यांनी मला एका औषधाचं नाव लिहून दिलं, तांबं विरघळवणारं, आणि ते फोनवरून मागवायला सांगितलं. घरचं काही मिसळून ओतू नका, हे त्यांनी तीनदा बजावलं. बाटली यायला आठवडा लागला. आत्याबाईंनी तेवढ्यात आपली तयारी केली. चिंध्या लागतील, मऊ सुती, असं माणिकराव म्हणाले होते. आत्याबाईंनी लोखंडी पेटी उघडली, सासऱ्यांचं एक धोतर काढलं आणि माझ्यादेखत चौकोनी तुकडे फाडायला सुरुवात केली. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बारा वर्सं पेटीत पडलंय. याच्याइतकं मऊ दुसरं कायबी न्हाई."

पुढचे तीन दिवस आम्ही रोज दुपारी मंठाळला गेलो. पहिल्या दिवशी पार्वतीबाईंनी चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. माणिकरावांनी नळी खाली तोंड करून धरली आणि मागच्या बाजूने नरसाळ्यातून उकळतं पाणी ओतलं. नळीच्या तोंडातून काळं, शाईसारखं पाणी आलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "दर सोमवारी पुसते मी," त्या परत म्हणाल्या, पण या वेळी स्वतःलाच.

नळी गरम असतानाच कोरडी केली, मग पितळी तारांचा ब्रश लांब गजाला लावून मागून पुढे एकाच दिशेने फिरवला. मग औषधाची चिंधी. बाटलीचं बूच उघडताच नाकात असा झणका बसला की पार्वतीबाईंची कोंबडीसुद्धा चटईवरून उठून गेली. चिंधी दुसऱ्या टोकाने बाहेर आली तेव्हा ती काळी होती. दुसरी काळी. तिसरी काळसर हिरवी. मग माणिकरावांनी नळी औषधाने ओली करून थोडा वेळ तशीच ठेवली आणि पुढची चिंधी आली ती निळी, मोरचुदासारखी निळी.

"बगा," ते म्हणाले आणि चिंधी आत्याबाईंच्या तळहातावर ठेवली. "हे तुमच्या सासऱ्याच्या टायमाचं तांबं हाय."

आत्याबाईंनी ती उन्हात धरली. त्यांच्या चेहऱ्यावर खंडेनवमीनंतर पहिल्यांदा मी हसू बघितलं. "म्हंजे डोळं न्हाईत," त्या म्हणाल्या.

"डोळं न्हाईत, अक्का."

दुसऱ्या दिवशी काम चालू असताना पार्वतीबाईंनी चहा आणला आणि बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यानं बी ह्या रायफलीचा आवाज लई ऐकलाय."

आत्याबाईंनी मान वर केली. माणिकराव ब्रश फिरवायचे थांबले नाहीत. "व्हय," ते म्हणाले. "माजे अप्पा हाक्याला जायचे. तुमचे सासरे शिकारीला निगाले की मंठाळातून सात-आठ माणसं बोलवायचे, रानडुक्कर उठवायला. अप्पा डब्बे वाजवत, ओरडत रायफलीच्या पुढं पळायचे. मी आठ वर्सांचा हुतो. घरी आले की चार दिस आवाज बसलेला असायचा त्यांचा. खुनेनं भाकर मागायचे."

"आन् रायफल?" आत्याबाईंनी विचारलं.

"रायफलीला हात लावायची मुबा न्हवती आमाला. लांबून बगायचं." त्यांनी गज बाहेर काढला, चिंधी बघितली, फिकट निळी होती. "फौजेत पहिल्या दिवशी रायफल हातात दिली ना, तवा मी सगळ्यात आदी तिच्या नळीत बगितलं. आत काय असतंय ते बगायचं हुतं मला. तितंच साहेब म्हनला, ह्याला आर्मरर करा."

आत्याबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "मला हे ठाऊक न्हवतं, माणिकअण्णा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात शिकारीच्या लई गोष्टी सांगत्यात. हाक्याला कोन हुतं, ते कोनीच सांगितलं न्हाई. तुमच्या अप्पाचं नाव काय?"

"दशरथ."

"दशरथअप्पा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "ध्यानात ठेव गं मंजू. पोरांना सांगताना सांगायचं."

माणिकरावांनी नुसती मान हलवली. पण गजावरचा त्यांचा हात मघापेक्षा हलका झाल्यासारखा मला वाटला, आणि पार्वतीबाई आत जाऊन शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन आल्या. आम्ही चौघंही तिथंच चटईवर जेवलो.

तिसऱ्या दिवशी चिंधी पांढरी आली. माणिकरावांनी परत औषध लावलं, परत वाट बघितली, परत पांढरी. मग त्यांनी एक भिंग काढलं आणि नळीचं तोंड तपासायला घेतलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे देऊन म्हणाले, खालच्या बाजूला बघ. मला दिसलं की नळीच्या गोल तोंडावर एका बाजूला कड घासून एक बारीक घळ पडलीय, विहिरीच्या कठड्यावर दोराने पडते तशी.

"अक्का, तुमी सोमवारी कशा पुसता ते दावा."

आत्याबाईंनी दाखवलं. रायफलीसोबत एक दोरी येते, तिच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी. त्या रायफल खाटेच्या पायाला टेकवून ठेवायच्या, दोरी नळीत सोडायच्या आणि खाली बसून, नळीच्या तोंडातून आपल्याकडे, तिरकी ओढायच्या. जोर लावून. "नीट पुसायला पायजे ना," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापास्नं एक सोमवार चुकवला न्हाई. तेबी सोमवारीच पुसायचे."

मी मनातल्या मनात हिशोब केला; सहाशेच्या वर सोमवार झाले.

"दोरीला धूळ लागती," माणिकराव म्हणाले. "धुळीची दोरी म्हंजे कानस. तिरकी ओढली की एकाच जागी घासती. अक्का, बुजली हुती ती गोळ्यांनी. पर झिजली ती तुमच्या हातानं."

आत्याबाईंनी दोरी हातातून खाली ठेवली. डोळे बिघडले असते तर बरं झालं असतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या म्हणाल्या, "मी जपायले म्हनून पुसत हुते."

"ते दिसायलंय ना मला. आत गंजाचा एक ठिपका न्हाई. बारा वर्सं बंद राहिलेली रायफल असती तर आज भंगारात घातली असती. तुमी पुसलं म्हनून नळी हाय, तिरकं पुसलं म्हनून कड गेली. माज्या हातानं सुदा झिजल्यात नळ्या. पहिल्या वर्सी हवालदारानं माज्या पाठीत गुद्दा घातलाय याच चुकीला."

"आता काय करायचं?"

"झीज भरून येत न्हाई. कड कापून नवी करायची तर ते काम परवान्याच्या दुकानात, मी न्हाई करायचा. पर मला वाटतंय, तेवढी गरज न्हाई. घळ एकाच बाजूला हाय म्हंजे गोळी आता एकाच बाजूला जाईल, पर रोज तितंच जाईल. कुटं जाती ते बगायचं आन् माशी तेवढी सरकवायची. चांदमारीवर कळंल."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरची ती छोटी खूण, जिच्यावर नजर ठेवून नेम धरतात. आत्याबाईंना एवढं कळलं. "एकाच बाजूला गेली तरी चालंल," त्या उठता उठता म्हणाल्या. "मानसाचं बी तसंच असतंय. त्याचं चुकायचं एकदा कळलं की निभतंय." आणि परत येताना स्कूटरवर मागे बसून त्या चक्क गाणं गुणगुणत होत्या. मी आरशातून बघितलं तर गप्प झाल्या.

डिसेंबरात शिबिराच्या दिवशी बंटींनी पिकअप काढली. पुढे ते, आत्याबाई आणि मी; मंठाळला माणिकराव पुढे चढले तेव्हा मी पार्वतीबाईंबरोबर मागे गेले. बंटींना अजून खात्री नव्हती. "काका, तुमी सोबत हाव म्हनून बरं," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर मायला तुमीच समजावा." आत्याबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मंजू, त्याला सांग, गाडी बघून चालीव." मागच्या काचेतून मी निरोप दिला.

बीदरच्या चांदमारीवर सकाळी पन्नासेक माणसं जमली होती. मागे उंच मातीचा बांध, पुढे लाकडी चौकटीत लावलेली कागदी निशाणं. बायका तिघीच, एक हुमनाबादची डॉक्टर, एक भालकीची मुलगी आणि आमच्या आत्याबाई, नऊवारीचा काष्टा घालून, गार वाऱ्यामुळे डोक्याला रुमाल बांधून. हावगेप्पा आधीच आलेले होते. त्यांनी लांबूनच हात जोडले.

रेंजवर एक वयस्क फौजदार होते, विरुपाक्ष नावाचे. माणिकरावांनी जाऊन कानडीत त्यांना काहीतरी सांगितलं, आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं. फौजदारांनी ते बघितलं, मग माणिकरावांचा हात हातात घेतला. आत्याबाईंच्या रायफलीजवळ उभं राहायची परवानगी मिळाली.

आधी सरावाच्या पाच गोळ्या. आत्याबाई सतरंजीवर पालथ्या झोपल्या. त्यांनी नेम धरला, श्वास सोडला, गोळी झाडली. दुर्बिणीतून बघणारा शिपाई म्हणाला, "वर, उजवीकडे, बाहेरच्या रिंगणात."

बंटींनी माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंचा खांदा खाली आला.

"पहिली धरू नका, अक्का," माणिकराव वाकून म्हणाले. "नळीत तेलाचा हात हाय, पहिली गोळी त्याच्यावरनं घसरत जाती. आता मारा. आन् काळ्याच्या मधीच धरा, कुटं लागली ते बघू नका."

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. आत्याबाईंनी मधे एकदाही मान वर केली नाही. गोळीबार थांबल्याची शिट्टी झाल्यावर शिपायाने कागद काढून आणला. चार भोकं मधल्या काळ्या गोलाच्या डावीकडे, जरा खाली होती, पण चारही अशी जवळ जवळ की आत्याबाईंनी तळहात ठेवला तर सगळी झाकली गेली.

हावगेप्पा मागून बघत होते. "समदी बाहेर गेली की," ते म्हणाले.

फौजदार विरुपाक्षांनी कागद उन्हात धरला. "बाहेर गेली, पण एकत्र गेली," ते म्हणाले. "बाई, हे बघायला मी इथं दरवर्षी उभा राहतो."

माणिकरावांनी फौजदारांची परवानगी घेतली, रायफल रिकामी करून घेतली, पितळेची एक छोटी हातोडी काढली आणि माशीला डावीकडे दोन हलके ठोके दिले. बंटींना राहवलं नाही. "काका, गोळी डावीकडं जायलीय आन् तुमी माशी बी डावीकडंच?"

"गोळी जिकडं पळती तिकडंच माशी सरकवायची," माणिकराव म्हणाले. "मग नेम धरताना नळीच उजवीकडं वळती. करून बग हातानं." बंटींनी बोट नाकासमोर धरून दोन-तीनदा करून बघितलं. त्यांना कळलं का नाही कोणास ठाऊक, पण त्यांनी मान डोलावली. खालच्या बाजूचं काय, असं मी विचारलं. आत्याबाईच म्हणाल्या, "तेवढं मी वर धरते."

मग मोजणीच्या पाच गोळ्या झाल्या. या वेळी मी बघितलंच नाही. पार्वतीबाईंनी माझा हात धरला होता आणि मी त्यांचा, आणि आम्ही दोघी समोरच्या कडुलिंबाकडे बघत होतो. पाच आवाज मोजले. मधे हावगेप्पांच्या रायफलीचेही आवाज होते, त्यामुळे पाच की सात तेही कळेना.

शिपाई कागद घेऊन चालत आला. पन्नासपैकी सेहेचाळीस. तीन गोळ्या मधल्या गोलात, दोन त्याच्या काठाला.

आत्याबाईंनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग सरळ बंटींच्या पुढे धरला. दोन महिन्यांत त्या पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "तुजं डोळं बघू कसं हायत."

बंटींनी वाचलं. मग खाली वाकून त्यांनी आईच्या पायाला हात लावला, आणि तिथंच बसून हसायला लागले, इतकं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्याबाईही हसल्या. फौजदार कागदावर सही करताना म्हणाले की परवानेवाल्यांत आज या तिसऱ्या आल्यात, आणि पहिले दोघे पोलीस खात्यातून रिटायर झालेले आहेत, त्यांना ते धरत नाहीत.

हावगेप्पांचे एकोणीस आले होते. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ते बराच वेळ पिकअपभोवती घुटमळले. मग माणिकरावांच्या शेजारी येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, आमच्याबी रायफलीचं पोट एकदा बगता का? आमच्या बापानं घेतल्यापास्नं आतून कुनी बघितलंच न्हाई."

माणिकरावांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या. "बगा की," त्या म्हणाल्या. "पर चिंध्या त्यांच्या घरनं आणायला सांगा."

बक्षीस म्हणून स्टीलचा पाण्याचा जार मिळाला. परतताना आत्याबाईंनी तो मंठाळला पार्वतीबाईंच्या हातात ठेवला. पार्वतीबाई नको नको म्हणत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "तुमी पानी उकळलं न्हवं? मग पान्याचं भांडं तुमचंच." माणिकरावांना त्यांनी काही दिलं नाही; त्यांना त्या म्हणाल्या, "येळवशीला शेतात या. नळीबद्दल अजून विचारायचंय मला." पुढच्या आठवड्यात येळवस होती, आमच्या भागात त्या अमावास्येला कोणीच घरात जेवत नाही, सगळे शेतात.

ते आले. आमच्या तुरीच्या रानात कडब्याची खोप घातली होती. सकाळपासून सगळ्या शेंगा-भाज्या घालून भज्जी शिजत होती, माठात आंबील होतं, गुळाच्या पोळ्या होत्या. बंटी अंगावर घोंगडं घेऊन आंबील शिंपडत बांधाने येळवशीची आरोळी देत गेले, "ओलगे ओलगे सालम पोलगे," आणि माणिकराव लांब उभे राहून हसत होते. हावगेप्पाही आले होते, आपल्या रायफलीच्या नळीतून निघालेल्या निळ्या चिंध्यांची संख्या सगळ्यांना सांगत. आत्याबाईंनी माणिकरावांना आंबिलाचा तिसरा पेला दिला आणि दोरीऐवजी गजाने पुसताना हात कुठं ठेवायचा, चिंधी किती ओली असावी, गोळ्या झाडल्यावर किती वेळात पुसावं, हे सगळं विचारून घेतलं. मधेच त्या मला म्हणाल्या, "मंजू, तूबी ऐक. परवाना पुढं तुज्याच नावावर करायचाय." मी बंटींकडे बघितलं. ते भज्जी खाण्यात गुंग होते, किंवा तसं दाखवत होते.

आता महिन्यातून एकदा, सोमवारी, आम्ही स्कूटरवरून मंठाळला जातो. रायफल पुसायला अर्धा तास लागतो. पण पार्वतीबाईंना आत्याबाईंना काहीतरी दाखवायचं असतं, कधी नवी कोंबडी, कधी नातीचा दहावीचा निकाल. माणिकराव माझ्या मशीनची खुशाली विचारतात, मग जेवण होतं, मग चहा. निघेपर्यंत ऊन उतरलेलं असतं आणि आत्याबाई मागे बसून गुणगुणत असतात. आरशातून बघितलं तरी आता थांबत नाहीत.